तांदळाच्या आधी लिहिलेलं नाव

सिंगापूरहून मेव्हण्याने पाठवलेली पेटी आणायला हयग्रीव कुंभकोणम्‌च्या बसस्टँडवर गेला, तेव्हा दसरा जवळ आला होता आणि ऊन मात्र चैत्रातलं पडलं होतं. पेटी आणणारा माणूस तंजावरचा. त्याला पुढची बस गाठायची घाई. त्याने पेटी हातात कोंबली, आपटू नका म्हणून तमिळमध्ये बजावलं आणि गर्दीत शिरला. हयग्रीवने पेटी सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधली आणि एका हाताने धरत धरत घरी आणली. साल सत्याण्णव.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. टीव्ही, टेपरेकॉर्डर, ट्रान्झिस्टर, काय बिघडलं असेल ते तिथे यायचं. खोलीला कायम सोल्डरच्या राळेचा वास. मागे माजघर, त्याच्या मागे चूल. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये दार होतं, पण ते कुणी लावत नसे. घरात माणसं तीन: तो, त्याची आई वेंकटलक्ष्मी आणि बायको गोदा. गोदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी तिरुनीलक्कुडीला गेली होती. हयग्रीवचे वडील वादिराजराव त्याच वर्षी माघात वारले होते. त्यांचं वर्ष अजून भरायचं होतं.

पेटीतून निघाला एक करड्या रंगाचा डबा, टीव्हीला जोडायचा. सोबत एक तबकडी आणि मेव्हण्याच्या हातची चार ओळींची चिठ्ठी, की तू एकटा आहेस, वेळ जाईल. डबा जपानी, त्याला आपली वीज चालत नाही. मग हयग्रीवने वीज उतरवायला एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तो चालू असला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायचा आणि त्याचं वार्निश तापून करपट वास यायचा.

तबकडीतला खेळ हाणामारीचा नव्हता. सोंगट्यांच्या जातीतला होता. पडद्यावर तिरका मांडलेला डोंगर, नाहीतर वाडी, नाहीतर नदीकाठ. त्यावर चौकोनी घरं. आपले सात-आठ शिपाई, समोर शत्रूचे. एकेकाला हलवायचं. ज्याची पाळी येईल त्याच्याभोवती निळी घरं उजळतात. तेवढ्यातच जायचं, बाहेर नाही. वार करून झाला की शिपायाने तोंड कुठे करून उभं राहायचं, तेही आपणच सांगायचं. शिपाई म्हणजे बुटकी चित्रं. डोकं कलिंगडाएवढं, डोळे बशीएवढे, केस हिरवे नाहीतर जांभळे. जपान्यांना माणसं अशी का दिसतात, ते त्यांनाच ठाऊक. मध्येच दोघं-तिघं समोरासमोर येऊन बोलायचे, खाली मुंग्यांची रांग जावी तशी जपानी अक्षरं धावायची. कोण कुणाला काय सांगतंय, हयग्रीवला ओ की ठो कळत नसे. खुणांवरून तो शिकला. पडलेला शिपाई परत उठत नाही, हेही एक-दोघं गमावल्यावर शिकला.

आणि त्यांना हुकूम दिला नाही, तर ते निश्चल उभे राहत नसत. जागच्या जागी पावलं टाकायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. सगळे एका तालात. तुम्ही जेवून या, झोपून उठा. ते पावलं टाकतच असायचे.

लोक याला खेळ म्हणतात. जे महिनोन्महिने संपत नाही त्याला खेळ म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. हयग्रीव दुपारी दुकानाची फळी लावून ही नोकरी करायचा. आई माजघरात पदर डोक्याखाली घेऊन पडलेली असायची. बाहेर रस्ता ओस.

कार्तिकात समोरच्या औषधाच्या दुकानात फोन आला, मुलगा झाला म्हणून. नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. पहिला मुलगा, म्हणजे आजोबांचं नाव. ते ठरलेलंच असतं. पण बाराव्या दिवशी पितळेच्या ताटात तांदूळ पसरून, त्यात बापाने अंगठीने नाव लिहायचं, मग मुलाच्या कानात सांगायचं. तोपर्यंत ते नाव कुणी उच्चारायचं नाही, कुठे लिहायचं नाही. तंजावरच्या राजांबरोबर खाली आलेल्या या घरांनी भाषा अर्धी तमिळ करून टाकली, पण हे सोडलं नाही.

सोयर लागलं. मठात जायचं नाही, वडिलांचं महिन्याचं मासिक पुढे गेलं. हयग्रीवला काही काम उरलं नाही. तो खेळत बसला. त्या दुपारी खेळात नवा शिपाई भरती झाला. लहानसा, गळ्यात नारिंगी रुमाल, केस पांढरे. पडद्यावर चौकट आली, याचं नाव काय. जपानी अक्षरांच्या खाली इंग्रजी अक्षरंही होती. हयग्रीवच्या मनात त्या आठवड्यात दुसरं नावच नव्हतं. त्याने एकेक अक्षर निवडून लिहिलं: वादिराज. पडद्यावर लिहिणं म्हणजेसुद्धा लिहिणं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. शिपाई डाव्या-उजव्या पावलांनी चालू लागला आणि हयग्रीव स्वतःशीच हसला.

बारशाला तो आणि आई तिरुनीलक्कुडीला गेले. ताटात तांदूळ पसरले होते. तो अंगठीने लिहायचा आणि तांदूळ घसरून मागचं अक्षर भरून टाकायचे. गोदाचे वडील म्हणाले, "तांदूळ नवा आहे, गुळगुळीत. चालतं." मग हयग्रीव मुलाच्या कानाशी वाकला आणि नाव सांगितलं. मूल वर आढ्याकडे बघत होतं. तसंच बघत राहिलं.

"शांत आहे हो," बायका म्हणाल्या.

शांत म्हणजे किती शांत असावं याला काही हद्द असते. मूल रडत नव्हतं. हातपाय हलवत नव्हतं. दूध तोंडात घातलं तर ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचं. चमच्याने घशात सोडायचं, तेव्हा कुठे गिळायचं. गावच्या डॉक्टरने छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्याला टाचणी लावली. सगळं ठीक आहे म्हणाला, अशक्त आहे, कुंभकोणम्‌ला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून गोदा तीन महिने माहेरी राहायची ती महिन्यातच मुलाला घेऊन सासरी आली. मोठ्या डॉक्टरांनीही तेच केलं आणि तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावला.

"ओढतच नाही तो," गोदा म्हणाली. ती मुलाला मांडीवर घेऊन माजघरात बसली होती. "अत्ते, माझ्या अंगावर काटा येतो. डोळे उघडे असतात, पण बघत नाही."

"ह्याचे आजोबा काय वेगळे होते?" वेंकटलक्ष्मी म्हणाली. "हजारदा बोलावलं तर एकदा यायचे. भूक लागली की येईल तोही." असं म्हणाली, पण मुलाच्या कपाळावरून हात काढला नाही.

दोघी त्याला अप्पू म्हणायच्या. आईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, सून सासऱ्याचं घेणार नव्हती. मुलाचं खरं नाव घेऊन हाक मारणारा घरात एकटा हयग्रीव. तो रोज पाळण्याशी जाऊन हाक मारायचा. मूल आढ्याकडे बघायचं.

तिसऱ्या-चौथ्या दुपारी डोकं नुसतं भणभणलं, म्हणून हयग्रीव दुकानात जाऊन बसला. फळी लावली. डबा चालू केला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला, जिथे ठेवला होता तिथून खेळ उघडला, नदीकाठ आला, शिपाई आले. तोच माजघरातून गोदाचा आवाज आला.

"ऐकलंत का? इकडे या. हळू या."

मूल पाळण्यात पाय हलवत होतं. गोदाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिने मुलाला उचलून पदराखाली घेतलं आणि मूल चुरूचुरू दूध ओढू लागलं. आई चुलीपुढून धावत आली. "संगीत पाहिजे लेकाला," ती म्हणाली. "तुझा तो डबा वाजतो ना, टिंगटिंग. ते पाहिजे. घे, लावून ठेव."

हयग्रीवनेही तेच धरलं. संगीत. मुलांना आवडतं.

मग एका दुपारी वीज गेली. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थांबली. पंखा थांबला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी ऐकू आली, इतकं सामसूम झालं. आणि माजघरात गोदा म्हणाली, "अहो."

मूल दूध पिता पिता थांबलं होतं. तोंडात दूध होतं, ते गिळलं नव्हतं. पाय जसे होते तसे, एक वर, एक खाली. गोदाने गालावर टिचकी मारली. गोंजारलं. वेंकटलक्ष्मीने त्याला पालथं धरलं, दूध जमिनीवर सांडलं. श्वास होता. बाकी काही नव्हतं.

"गाणं थांबलं म्हणून असं…?" गोदा म्हणाली.

हयग्रीवने ट्रान्झिस्टरला सेल घालून गाणं लावलं. पाळण्यावर घुंगरू वाजवलं. आईने त्याच्या लहानपणचं भजन म्हटलं. मूल लाकडासारखं पडून राहिलं. वीज आली, तेव्हा अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. डबा चालू झाला, सुरुवातीचं संगीत वाजलं, अगदी तेच टिंगटिंग. मूल हललं नाही. हयग्रीवने घाईघाईने ठेवलेला खेळ उघडला. पडदा काळा. मग डोंगर उभा राहिला, त्यावर एकेक शिपाई उमटू लागला. पहिला, दुसरा, तिसरा. हयग्रीव मान वळवून दारातून पाळण्याकडे बघत होता. पांढऱ्या केसांचा, नारिंगी रुमालाचा शिपाई उमटला आणि मुलाचा वर राहिलेला पाय खाली आला.

डावा, उजवा, डावा, उजवा.

हयग्रीव बराच वेळ एकदा पडद्याकडे आणि एकदा पाळण्याकडे बघत राहिला. ताल एकच होता. पडद्यावर पाय बुटाचे, पाळण्यात उघडे. एवढाच फरक. मूल झोपलं, तरी पाय चालू होते.

बायकांना त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ट्रकची जुनी बॅटरी आणली, तिला जोडाजोड केली आणि वीज गेली तरी डबा चालत राहील असं करून ठेवलं. पांढऱ्या शिपायाला त्याने सगळ्यांच्या मागे, डोंगराच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं, जिथे शत्रू पोचत नाही. त्याचं तोंड कड्याच्या भिंतीकडे केलं. आणि पुढची चाल केलीच नाही. खेळ थांबलेला, शिपाई उभे, डबा रात्रंदिवस चालू.

शिपाई भिंतीकडे तोंड करून राहत नसे. हयग्रीव जेवून आला की त्याचं तोंड पडद्याच्या बाहेर, खोलीकडे झालेलं असायचं.

मूल दूध पीत होतं. वजनही धरायला लागलं. पण डोळे आढ्याकडेच, आणि नावाने हाक मारली की कुणी दगड पाण्यात टाकावा आणि आवाज येऊ नये, तसं. गोदा म्हणायची, "होईल. पितोय ना. होईल." आणि हयग्रीव रात्री उठून डब्यावर हात ठेवून बघायचा. डबा तापत होता. आत तबकडी वाचणारा एक काचेचा डोळा असतो, मोहरीएवढा. तो झिजतो. हयग्रीव टीव्हीवाला, त्याला आवाजावरून कळत होतं. पहिल्यांदा तबकडी सरसर फिरायची. आता कर्र करून अडखळत होती. तसला डोळा कुंभकोणम्‌मध्ये मिळणारा नव्हता, त्रिचीत नव्हता. मद्रासच्या बाजारात माणूस पाठवून विचारलं, तिथे हसले. मेव्हण्याला कळवलं, त्याचा निरोप आला, दोन महिने लागतील.

माघ आला. वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं, म्हणून काका सुंदरराव मायावरमहून आला. वादिराजरावांचा हा धाकटा भाऊ, रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म काढलेला. पोत्यांवरची इंग्रजी अक्षरं तेवढी वाचायला शिकला होता. तोंडाने फटकळ. दारातच म्हणाला, "कसला जळका वास येतो रे? दुकान पेटवतोस काय?"

"ट्रान्सफॉर्मर आहे, काका."

"आणि हे काय? पोर झालं तरी बाहुल्या खेळतोस?"

"अप्पूला लागतं," आतून वेंकटलक्ष्मी म्हणाली. "त्याशिवाय दूध पीत नाही. तुम्ही हातपाय धुवा, कॉफी आणते."

काकाने पाळण्यात डोकावून बघितलं. चुटक्या वाजवल्या. मग कॉफीचा पेला घेऊन दुकानात येऊन बसला आणि घोट घेत पडद्याकडे बघत राहिला. चष्मा लावला. उठून जवळ गेला. हयग्रीव चुकून कोपऱ्यातल्या शिपायावर खूण ठेवून उठला होता, त्यामुळे त्याचं नाव खाली दिसत होतं.

काकाने अक्षरं एकेक करून लावली. पेला खाली ठेवला.

"कधी लिहिलंस हे?"

"सोयरात."

"तांदळाच्या आधी."

"हो."

काका दार लोटून आला. ते दार त्या घरात पहिल्यांदा लागलं असेल. मग हळू आवाजात बोलू लागला. "तांदळाचं एक सोड. वर्ष भरलं नव्हतं अण्णाचं. वर्ष भरेतो माणूस वाटेवर असतो, एवढं ठाऊक नाही तुला? वाटेवरच्याला नावाने हाक मारायची नाही. थांबतो तो." त्याने पडद्याकडे हनुवटी केली. "बघ. पावलं टाकतोय आणि जागचा हलत नाही."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

"मग पाळण्यात कोण आहे, काका?"

काकाने चष्मा धोतराला पुसला. पुसतच राहिला. "नाव ज्याचं त्याला मिळालं नाही," तो शेवटी म्हणाला. "बिननावाचा आहे. एवढंच मला कळतं."

"डबा बंद केला तर मूल थांबतं. मी बघितलंय."

"बंद नको करू. वाटेत उभ्या केलेल्या माणसावर दिवा मालवतात काय? उद्या भटजी वरच्यांना बोलावतील, जेवू घालतील, पाठवतील. तेच इथे करायचं. मानाने पाठवायचं."

"आणि तो गेला, आणि त्याच्याबरोबर मूलही…"

"हा डबा किती दिवस चालेल?"

आत तबकडी कर्र करून अडखळली. पडद्यावरचे शिपाई क्षणभर थबकले, मग पुन्हा चालू लागले. लोटलेल्या दाराच्या फटीतून पाळण्याच्या कडीची कुरकुर तेवढाच वेळ थांबलेली कळली.

"आठवडा," हयग्रीव म्हणाला. "नाहीतर तेवढाही नाही."

"मग मला काय विचारतोस," काका म्हणाला.

श्राद्ध झालं. नाव, गोत्र, तीळ, पाणी. ब्राह्मण जेवले, दक्षिणा घेऊन गेले. केळीच्या पानांचा आणि तुपाचा वास घरभर राहिला. श्राद्ध चालू असताना तबकडी दोनदा थांबली. दुसऱ्यांदा इतका वेळ थांबली, की गोदा मुलाला घेऊन पाटापाशी येऊन उभी राहिली आणि भटजींनी मंत्र म्हणता म्हणता वर बघितलं. मग पाय चालू झाले. ती परत आत गेली.

दुपार झाली. वेंकटलक्ष्मी मागल्या अंगणात भांड्यांपाशी होती. काका ओल्या धोतरानेच दुकानात आला. हातात पळी आणि थोडे तीळ. हयग्रीवने मधलं दार सताड उघडलं, पाळणा दिसेल असा. गोदाला त्याने एवढंच सांगितलं, "मुलाजवळ बस. काही झालं तरी उचलू नको." तिने कारण विचारलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं नसेल.

काकाने टीव्हीपुढे पाण्याची धार सोडली आणि चिमटीतले तीळ सोडले. तीळ खाली पडले नाहीत. उडून काचेला जाऊन चिकटले, आणि तिथेच राहिले. चालू टीव्हीच्या काचेला धूळ चिकटते तसं ते होतं, हयग्रीवला ठाऊक होतं.

"कर," काका म्हणाला.

नको असलेल्या शिपायाला काढून टाकायची सोय खेळात होती. हयग्रीवने पूर्वी एक-दोघांना काढलं होतं. खूण ठेवायची, यादीतलं शेवटचं निवडायचं, पडदा विचारतो, खरंच का, मग दोन उत्तरं येतात. वरचं होय, खालचं नाही. होय म्हटलं की शिपाई फट्‌दिशी नाहीसा होतो.

त्याने पांढऱ्या शिपायावर खूण ठेवली. शेवटचं निवडलं. चौकट आली. पूर्वी तिच्यात एक ओळ असायची. आता ओळीमागून ओळ येऊ लागली. शिपायाचं मोठं चित्र बाजूला उमटलं, बशीएवढे डोळे, ते उघडझाप करत होते, आणि खालची अक्षरं थांबत, पुन्हा सुरू होत. बराच वेळ काहीतरी सांगत होता तो.

"काय म्हणतोय?" काका कुजबुजला.

"ठाऊक नाही…"

अक्षरं थांबली. खाली उत्तर आलं. दोन नव्हती. एकच होतं.

हयग्रीवने पाळण्याकडे बघितलं. डावा, उजवा. गोदा कठड्याला धरून बसली होती. त्याने बटण दाबलं.

शिपाई नाहीसा झाला नाही. वळला आणि चालू लागला. खरंच चालू लागला, घरामागून घर ओलांडत. त्याची पाळी नव्हती. निळी घरं त्याच्याभोवती उजळली आणि तो त्यांच्या बाहेर गेला. बाकीचे शिपाई जागच्या जागी पावलं टाकत होते, त्यांच्या मधून गेला. डोंगर वरच्या बाजूला होता, वाट तिकडे होती. तो वर गेला नाही. खाली आला, पडद्याच्या अलीकडच्या काठाकडे. शेवटच्या घरावर क्षणभर थांबला. मग त्याचं डोकं काठाखाली गेलं, रुमाल गेला, आणि ते घर रिकामं झालं.

काचेवरचे तीळ सगळे एकदम खाली पडले. टीव्ही चालूच होता.

पाळण्यातले पाय थांबले.

तबकडी सरसर फिरत होती, अजिबात न अडखळता. गोदाने हात पुढे केला आणि मागे घेतला. मुलाच्या छातीकडे बघता बघता हयग्रीव पाळण्यापाशी कसा पोचला, ते त्याला नंतर आठवलं नाही. श्वास दिसत नव्हता. तो वाकला. तोंड मुलाच्या कानापाशी नेलं.

"म्हण," दारातून काका म्हणाला.

"वादिराज," हयग्रीव म्हणाला.

मुलाने मान वळवली. आढ्यावरची नजर काढली आणि बापाच्या तोंडावर ठेवली. एकदा नीट बघितलं. मग तोंड वासून असं रडलं, की रस्त्यापलीकडची औषधवाली बाई बाहेर आली. गोदाने त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि तीही रडायला लागली. मूल दूध पीत होतं, मध्येच सोडून रडत होतं, पुन्हा पीत होतं. पाय झाडत होतं, कुठल्याही तालात नाही, वाटेल तसे.

"झालं," काका म्हणाला. पळी धुतली, कॉफी मागितली, साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली आणि संध्याकाळच्या बसने मायावरमला निघून गेला.

हयग्रीवने डबा बंद केला. खेळ ठेवायचा का, म्हणून पडदा विचारत होता. त्याने उत्तर दिलं नाही, वायरच उपटली. सगळं पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. दोन महिन्यांनी सिंगापूरहून नवा काचेचा डोळा आला, तो त्याने पुडकं न फोडताच एका गिऱ्हाइकाला देऊन टाकला.

मूल चांगलं झालं. हसू लागलं, कुशीवर वळू लागलं. नावाने हाक मारली की ताबडतोब बघायचं. सहा महिन्यांच्या पोराने बघावं त्याहून जरा जास्तच ताबडतोब, पण याबद्दल कोण तक्रार करतं? मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. मुलाची नव्हे, स्वतःची.

आषाढातली गोष्ट. दुपारी गोदा न्हाणीत होती. हयग्रीव दुकानात एका टीव्हीची पाठ उघडून बसला होता. मधलं दार नेहमीसारखं उघडं. मूल माजघरात सतरंजीवर. हयग्रीवने सहज मान वर केली, तर आई सतरंजीपाशी उभी होती. बसली नव्हती. भिंतीला लागून, डोक्यावरून पदर घेऊन, अंग चोरून उभी. त्याला आठवलं, हे आज पहिल्यांदा नाही. बरेच दिवस झाले, मूल जागं असलं की आई त्याच्यापुढे बसत नाही. मांडीवरही घेत नाही. त्याने ते गुडघेदुखीवर घातलं होतं.

तो हाक मारणार होता. तेवढ्यात आई बोलली. अगदी हळू, पण दुपारची वेळ, सगळं ऐकू आलं.

"केवढा उशीर केलात."

मग ती थांबली. मान थोडी पुढे करून, समोरचं माणूस बोलत असताना थांबतात तशी. मूल सतरंजीवर उताणं पडलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं. त्याचे ओठ मिटलेले होते. न्हाणीत तांब्याचा आवाज येत होता. हयग्रीवच्या हातातली तापलेली सोल्डरची सळई टीव्हीच्या कडेला टेकली आणि लाकूड करपू लागलं, तरी त्याला उचलायचं सुचलं नाही.

"बरं," आई शेवटी म्हणाली. पदर आणखी पुढे ओढला. "नाही सांगत कुणाला."